विंटेज रॅलीत न दिसणारी बस

मुंबईच्या हॉर्निमन सर्कलहून विंटेज कार क्लबची फेरी निघते, तेव्हा गर्दी जमते ती संस्थानिकांच्या रोल्स-रॉईसभोवती. परभणी–जिंतूर रस्त्यावरच्या बोरीसारख्या गावांचा मोटार-इतिहास मात्र बसचा आहे. हा मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या रेल्वेखात्याने 1932 मध्येच 27 बसगाड्यांनिशी सरकारी मोटारसेवा सुरू केली. मुंबई प्रांताची एसटी धावली 1 जून 1948 रोजी, म्हणजे सोळा वर्षांनी! त्या अल्बियन गाड्यांपैकी एक हैदराबादेत जतन केलेली आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांपुढील दुचाकींना व खासगी मोटारींना ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक देऊ केला. बस त्या व्याख्येबाहेरच राहिली. ही व्याख्या नवाबी हौसेपुरती आहे. ती रुंदावण्याची मागणी क्लबांनीच करावयास हवी, आणि एखादी फेरी मराठवाड्यातूनही काढावी.