डोंगर दाखवून विकायची, डोंगरावर नेली की वॉरंटी नाही



गेल्या महिनाभरात एकच वाक्य मी किती तोंडून ऐकलं! "जाऊ द्या हो भाभी, आपलाच माणूस आहे." स्थानकात ऐकलं, फोनवर ऐकलं, एका साखरपुड्यात तर ताट हातात असताना ऐकलं. म्हणून आज ठरलेलं पापडांचं लिहीत नाही, ते पुढच्या खेपेला. आज या वाक्यावरच लिहायचं आहे. सगळ्या जणी हे वाक्य क्षमाभावाने म्हणतात, पण त्यातून क्षमा कोणाला मिळते आणि सोय कोणाची होते, हे एकदा नीट बघायला हवं.

प्रकरण असं. लेकीसाठी आम्ही नाशिकहून बॅटरीवर चालणारी माउंटन सायकल घेतली, 52,000 रुपयांना. दुकानदार साधर्मिक, दोन्हीकडून लांबचं नातं. घोटीतून भावली धरणाकडे, टाकेदला, कावनईला जायचे रस्ते तुम्हाला माहीत आहेत. चढ-उतार, पावसाळ्यात निम्मा डांबर वाहून गेलेला. साधी सायकल तिथे दमवते म्हणून ही घेतली. तीन आठवड्यांत पुढच्या चिमट्यातला शॉकअप बोलायला लागला. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली की हँडलखाली खट्-खट्, आणि चकचकीत दांड्यांवर तेलाचं कडं. दुकानात नेली तर म्हणाले, नवी आहे, सेट होईल. दुसऱ्यांदा नेली तेव्हा सील बदलून दिलं. दुसऱ्या महिन्यात गावातल्या सायकलवाल्या दादांनी फडक्याने पुसून दाखवलं: बॅटरीची जाड नळी हँडलच्या उभ्या नळीला जिथे जोडली आहे, तिथे वेल्डिंगच्या कडेने केसाएवढी चीर होती. नख फिरवलं की अडकत होतं.

दुकानाचं उत्तर तीनदा बदललं. आधी म्हणाले, नुसत्या रंगाला चीर आहे. मग म्हणाले, मुलीने उड्या मारल्या असतील. शेवटी म्हणाले, आणा, वेल्डिंग मारून देतो, पैसे नकोत. आता मला सांगा, नुसता रंगच तडकला असेल तर वेल्डिंग कशाला? आणि उड्यांनी मोडली असेल तर फुकट का?

वेल्डिंगचं थोडं समजून घ्या, कारण आपल्या घराघरांत "मारून घेऊ एक टाका" हेच पहिलं उत्तर असतं. लोखंडी पलंगाला ते चालतं. या सायकलींची फ्रेम बहुतेक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते. कारखान्यात ती जोडल्यावर ठरावीक तापमानाला तापवून, थंड करून, पुन्हा मुरवून ताकद आणतात. नंतर कोणी त्याच जागी गॅस किंवा आर्क लावला की आजूबाजूची ती ताकद उतरते. वरून जोड मजबूत दिसतो, शेजारची नळी मात्र मऊ पडलेली असते. शिवाय ॲल्युमिनियमचा स्वभाव असा की छोटे-छोटे धक्केसुद्धा त्याच्या हिशेबात जमा होत जातात. चीर एकदा सुरू झाली की ती प्रत्येक खड्ड्याला थोडी पुढे सरकते आणि एके दिवशी एकदम सुटते. हँडलखालची नळी सुटली तर ब्रेक, हँडल, पुढचं चाक सगळं एका क्षणात हातातून जातं. उतारावर, ताशी पंचवीसच्या वेगाने. "फुकट वेल्डिंग" म्हणजे काय देत होते ते आता लक्षात येईल.

यावर मला सल्ले आले. त्यातला पहिला, "मुलीला कशाला डोंगरात पाठवायची?" याला मी उत्तर देत नाही. दुसरा सल्ला जास्त गोड होता: टाका ऑनलाइन विकून, चाळीस तरी येतील. चीर रंगवून? म्हणजे माझ्या मुलीचा हात वाचला आणि इगतपुरीच्या, नाहीतर सिन्नरच्या कोणाच्या तरी मुलाचा गेला. तत्त्वार्थसूत्रात तिसऱ्या व्रताचे पाच अतिचार दिले आहेत, त्यात चोरीला मदत करणं आहे, चोरीचा माल घेणं आहे, खोटं माप आहे आणि प्रतिरूपक व्यवहारही आहे, म्हणजे चांगल्या मालाच्या जागी हलका माल खपवणं. आपण प्रतिक्रमणात दरवर्षी, काही जणी तर दररोज, ते म्हणतो. म्हणताना डोळ्यांसमोर बहुधा दुधात पाणी घालणारा कोणी गवळी येतो, आपलं दुकान येत नाही.

आणि दुसऱ्या व्रताच्या अतिचारांत कूटलेख आहे, खोटा कागद करणं. तिसऱ्या भेटीत जॉबकार्डवर त्यांनी लिहिलं, "गैरवापर, उडी मारल्याने नुकसान." उडी कोणी पाहिली? कोणीही नाही. पण कागदावर आली की ती खरी होते, पुढे कंपनीकडे तोच कागद जातो. मी तिथेच त्याच कार्डावर खाली पेनाने लिहिलं, "हे मला मान्य नाही, चीर वेल्डिंगच्या कडेला आहे," आणि तारीख घालून सही केली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, मॅडम, यावर असं लिहीत नसतात. मी म्हटलं, आता लिहिलं.

वॉरंटीचं पुस्तकही वाचलं. फ्रेमला दोन वर्षं, शॉकअपला सहा महिने, आणि खाली बारीक अक्षरात: खडबडीत रस्त्यावर वापरल्यास लागू नाही. जाहिरातीच्या फोटोत मात्र तीच सायकल दगडांच्या उतारावरून धूळ उडवत येते! माउंटन म्हणून विकायची आणि माउंटनवर नेली की हात वर करायचे. आमच्या दुकानातून गेलेल्या तांदळाच्या पोत्यात खडे निघाले तर गिऱ्हाईक पोतं परत आणून टाकतं. "तुम्ही भात शिजवला म्हणून खडे लागले" असं आम्ही म्हटलं, तर घोटीत दुसऱ्या दिवशी दुकान उघडायची सोय राहणार नाही.

हे एकट्या आमच्या सायकलीचं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. ओला इलेक्ट्रिकच्या स्कूटरचं आठवतं का? 2022 पासून पुढचा एका बाजूचा चिमटा मोडल्याचे फोटो ग्राहक टाकत होते. जानेवारी 2023 मध्ये एका नवऱ्याने लिहिलं की बायको साधारण पस्तीसच्या वेगाने जात असताना पुढचं चाकच निघालं आणि ती आता अतिदक्षता विभागात आहे. त्या मार्चमध्ये कंपनीने जाहीर केलं की चिमटा फुकट बदलून देऊ. त्याच निवेदनात हेही होतं की सुरक्षेबद्दलची शंका निराधार आहे. निराधार असेल तर बदलता कशाला? आमच्या दुकानदाराचं रंग आणि वेल्डिंगचं गणित तेच. वस्तू बदलतील, पण दोष होता असं तोंडाने म्हणणार नाहीत, कारण म्हटलं की जबाबदारी आली. पुढे सप्टेंबर 2023 ते ऑगस्ट 2024 या वर्षभरात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर त्याच कंपनीच्या 10,644 तक्रारी जमल्या आणि ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटीस काढली. एवढ्या लोकांनी "जाऊ द्या" म्हटलं असतं तर नोटीस कशावर निघाली असती?

त्याच सुमारास, सप्टेंबर 2024 मध्ये, कलबुर्गीत एका 26 वर्षांच्या ग्राहकाने त्याच कंपनीची शोरूम पेटवून दिली. स्कूटर महिनाभरही जुनी नव्हती, दुरुस्त होत नव्हती. ते चूकच. पण मला वाटतं, गप्प बसणं आणि पेटवून देणं यांच्यामधली जी जागा आहे, म्हणजे लिहिणं, पोचपावती घेणं, अर्ज करणं, तारखेला जाणं, ती आपण सगळ्यांनी रिकामी सोडली आहे. अहिंसा पाळणाऱ्यांनी तर तिथे गर्दी केली पाहिजे. मिच्छामि दुक्कडम् मी माझ्या हातून घडलेल्याबद्दल म्हणते. दुकानदाराने ते न म्हणताच मी त्याच्या वतीने खमावून टाकायचं, हे कुठल्या आगमात आहे?

आता कामाचं. अशी सायकल, मोटर 250 वॉटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल, तर कायद्याने मोटार वाहन धरली जात नाही. लायसन्स नाही, आरटीओचा नंबर नाही. विकताना हे मोठं करून सांगतात. न सांगितलेली गोष्ट अशी की मोटार वाहन कायद्यात 2019 साली सदोष गाड्या परत बोलावण्याचं जे कलम आलं, ते मोटार वाहनांसाठी आहे. म्हणून आपल्याला उरतो तो ग्राहक संरक्षण कायदा, 2019, जो 20 जुलै 2020 पासून लागू झाला. तो मात्र भक्कम आहे, आणि त्यातली एक गोष्ट प्रत्येकीने लक्षात ठेवावी: बिल नवऱ्याच्या नावावर असलं तरी त्याच्या संमतीने वस्तू वापरणारीसुद्धा ग्राहकच असते. मला दुकानात तीनदा सांगितलं गेलं, "साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो." साहेबांना पाठवलं नाही.

सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणून पहिली तक्रार तोंडी ठेवू नका, पहिल्याच आठवड्यात लेखी द्या. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. आपलं नाशिकच, कंपनीच्या गावी धावायचं नाही. दोन वर्षांची मुदत असते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. वकील लागतोच असं नाही, अर्ज ऑनलाइनही भरता येतो. त्याआधी 1915 या नंबरवर नोंद करून तो क्रमांक जपून ठेवा. दोष डोळ्यांना दिसून ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, आणि दोष ठरला तर दुरुस्ती, बदली किंवा पूर्ण पैसे परत असा आदेश देऊ शकतो. मला वस्तू मोडून मुलगी पडल्यानंतरची भरपाई नको आहे. त्यासाठी त्याच कायद्यात वेगळं प्रकरण आहे, उत्पादन दायित्वाचं. त्यातलं एक वाक्य दुकानदारांनी वाचावं: जोडणी, तपासणी किंवा देखभाल करताना विक्रेत्याने वाजवी काळजी घेतली नाही तर तोसुद्धा जबाबदार. या सायकली खोक्यातून अर्धवट जोडलेल्या येतात, हँडल-चाक दुकानातच बसतं. "आम्ही फक्त विकतो" हे त्यामुळे खरं नाही.

"पण दोन घरांत वितुष्ट येईल." हे सासूबाईंचं म्हणणं, आणि त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. त्यांच्या पिढीने उधारीच्या वहीवर आणि शब्दावर गाव सांभाळलं. लग्नात समोरासमोर येणार, चातुर्मासात एका पंगतीला बसणार. खरंच अवघड आहे. पण शब्दाचा तो व्यवहार टिकला होता कारण शब्द मोडणाऱ्याला गावात तोंड दाखवणं अवघड जायचं. आता अवघड जातं ते विचारणाऱ्याला. साधर्मिक वात्सल्य म्हणजे त्याच्या गल्ल्याचं संरक्षण, असा अर्थ कधीपासून झाला? तो माझ्या मुलीचा साधर्मिक नाही का? त्याला हे मी फोनवर विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "ताई, कंपनी माझं ऐकत नाही." हे खरं असेल, मला त्याची कीवही आली. मग त्याने ते लिहून द्यावं, म्हणजे अर्जात कंपनी पुढे आणि तो मागे. लिहून दिलेलं नाही.

अर्ज गेल्या आठवड्यात भरला. दुकान आणि कंपनी दोघंही त्यात आहेत. बिल, जॉबकार्डाच्या तीन प्रती, चिरेचे पट्टी लावून काढलेले फोटो, वॉरंटीचं पान आणि जाहिरातीचा तो दगडांचा फोटो, सगळं जोडलं आहे. मागणी 52,000 रुपयांची, शिवाय नाशिकच्या फेऱ्यांचा खर्च. सायकल मागच्या खोलीत उभी आहे, बॅटरी काढून ठेवली आहे, आणि हँडलला पुठ्ठा बांधून त्यावर लिहिलं आहे: चालवू नये, विकू नये. ज्यांच्याकडे याच दुकानाची सायकल आहे त्यांनी आज रात्री हँडलखालचा जोड फडक्याने पुसून, टॉर्च लावून बघा, आणि चीर दिसली तर फोटो काढूनच दुकानात जा.