दिवा लागला, म्हणजे काम झाले?

गेल्या वर्षीची वसुबारस. गॅलरीत आकाशकंदिलासाठी नवा होल्डर आणि बटण बसवून घेतले होते. बसवणारा तरुण ह्यांच्या कचेरीतल्या कुणाच्या तरी ओळखीचा. हसतमुख, कामाला चपळ, पैसेही बेताचेच. अर्ध्या तासात दिवा लागला आणि मी खुशीत त्याच्या हातावर चकल्या ठेवल्या.

दुसऱ्याच दिवशी बल्ब गेला. धाकटा स्टुलावर चढला. "बटण बंद आहे ना ग आई?" "बंद आहे रे," मी म्हटले, आणि ते खरोखरच बंद होते. तरीही बोट होल्डरला लागताच तो किंचाळून खाली आला. कोपर खरचटले, एवढ्यावर निभावले. मला मात्र रात्रभर झोप नाही.

सकाळी भावोजींनी एक वायरमन आणला. पन्नाशीचा, मोजके बोलणारा. होल्डरकडे न बघता तो आधी मीटरपाशी गेला. मग बटण बंद ठेवूनच त्याने टेस्टर होल्डरला लावला. टेस्टर लागला! "ताई, बटण न्यूट्रलच्या तारेवर बसवलंय," तो म्हणाला. फेजची तार बटणातून न्यायची, ती सरळ होल्डरला जोडली होती. अशाने बटण दाबले की दिवा विझतो. पण होल्डरात २३० व्होल्ट तसेच उभे!

दिवा लागला म्हणजे काम चोख झाले, असा आपला भाबडा समज. वाईट काम केले तरी दिवा लागतोच. तीन हजार वॅटचा गीझर १३ अँपिअर वीज ओढतो. त्याला दिव्यांची दीड चौरस मिलिमीटरची तार जोडली तरी पाणी तापते. फक्त भिंतीतली तारही तापते, आणि ते कुणाला दिसत नाही. चार चौरस मिलिमीटरची तार घालणारा माणूस महाग का, हे मला तेव्हा कळले.

मग माणूस पारखायचा कसा? साडी घेताना आपण तासभर पदर उलगडून बघतो. पण वायरमनला "परवाना दाखवा" म्हणायला जीभ रेटत नाही. मागावाच. आय.टी.आय.चा दाखला म्हणजे शिक्षण. परवाना निराळा, तो सरकारकडून मिळतो. सरकारी कागदावर वायरमनला 'तारतंत्री' म्हटलेले असते, तेव्हा शब्द बघून गोंधळू नका. ठेकेदाराच्या परवान्यावरची मुदतही वाचा. बल्ब, फ्यूज, जुन्या जागी तसेच बटण एवढे किरकोळ बदल सोडले, तर वायरिंग वाढवण्या-बदलण्याचे काम परवानाधारक ठेकेदारानेच करावे, असे १९५६ च्या वीजनियमांत होते आणि २०२३ च्या विनियमांतही आहे. म्हणजे आमचा तो होल्डरही नियमाबाहेरच!

कागदापेक्षाही मला त्या गृहस्थांचे प्रश्न पटले. आर्थिंग कधी तपासले? गीझर किती वॅटचा? घर किती जुने? न विचारता भाव सांगणाऱ्याला मी आता चहासुद्धा देत नाही. यांनी अंदाज लेखी दिला, तारेचे माप आणि आय.एस.आय.ची खूण त्यात लिहून. शिवाय मीटरजवळ आर.सी.सी.बी. बसवायला सांगितली. "आमच्याकडे एम.सी.बी. आहे की," हे म्हणाले. "साहेब, ती तारेला जपते. ही माणसाला," उत्तर आले. वीज तीस मिलिअँपिअर एवढी जरी वाट चुकून अंगातून जमिनीत जाऊ लागली, तरी ही क्षणार्धात पुरवठा तोडते. तिच्यावर चाचणीचे बटण असते. ते मी दर महिन्याच्या एक तारखेला दाबते.

यंदा कंदील टांगायला धाकटाच स्टुलावर चढला आहे. "आई, मेन बंद केलास?" त्याने विचारले. केला होता, तरी मी पुन्हा जाऊन बघून आले.