जाता जाता : माकूल आणि चिमणा

परवा माँटेरेला कॅलामारी खाल्ली. म्हणजे आपली माकुलंच, कोकणवाल्यांना सांगायला नको! इथल्या माकुलाचं आयुष्य जेमतेम वर्षभराचं. समुद्राच्या तळाशी अंडी घातली की आईबाप मरतात. पिल्लांना शिकवायला कोणीच नाही. अंगाचे रंग बदलणं उपजतच येतं, शिकार चुकतमाकत जमते.

आपल्या बे एरियातल्या, डोक्यावर काळेपांढरे पट्टे असलेल्या चिमण्याचं, व्हाइट-क्राउन्ड स्पॅरोचं, तसं नाही. त्याला गाणं ऐकूनच येतं. बर्कलेचा चिमणा एक चाल गातो, मरीनचा दुसरी. आपली कोल्हापुरी नि वऱ्हाडीच म्हणा ना. पीटर मार्लर यांनी पिल्लांना टेप ऐकवून पाहिलं (१९७०). साधारण दहाव्या ते पन्नासाव्या दिवसांत ऐकलं तरच उपयोग. काहीच न ऐकलेल्याचं गाणं ओबडधोबड राहतं. पुढे १९८४ साली बाप्टिस्टा आणि पेट्रिनोविच यांना दिसलं, की पन्नास दिवस उलटले तरी शेजारी जिवंत पक्षी गात असेल तर पिल्लू शिकतं.

हे वाचलं आणि नातीची टीव्हीवरची बडबडगीतं बंद केली. आता रोज रात्री मीच म्हणते. आवाज बेताचाच, पण काल तिनं मधेच थांबवून विचारलं, "आजी, ‘अडगुलं’ म्हणजे काय?"

मलाही सांगता येईना.