सागरतीरींचा तंबूवास

सुटीच्या दिवसांत मुलाबाळांसह समुद्रकांठीं तंबूंत रात्र काढण्याची हौस अलीकडे आपल्या घरांतूनहि वाढली आहे. अलिबागेच्या दक्षिणेस नागांव, रेवदंडा, काशीद ह्या बाजूस अशा जागा पुष्कळ आहेत. तेथील सोयी बेताच्याच असतात: कापडी तंबू, अंथरावयास चटई, सर्वांस मिळून शौचकूप, आणि एखादी विहीर. ह्याबद्दल कोणी नाक मुरडूं नये. किनाऱ्यालगतच्या विहिरींचें पाणी पुष्कळदां मचूळ असतें, म्हणून पिण्याचें पाणी घरून न्यावें, म्हणजे झालें. आमच्या मतें खरी उणीव सोयींची नसून समुद्राच्या ज्ञानाची आहे.

संस्कृतांत ‘वेला’ ह्या एकाच शब्दाचे किनारा, भरती व काळ असे तीनहि अर्थ होतात. आपल्या पूर्वजांनीं हें नातें ओळखलें होतें. आणि ज्या घरांत पंचांग आहे, त्या घरास भरतीची वेळ काढणें मुळींच कठीण नाहीं. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. येईल तो पूर्ण भरतीचा तास, दिवसाचा तसाच रात्रीचाहि. चतुर्थीस ३, अष्टमीस ६, पौर्णिमेस व अमावास्येस १५ धरून सव्वाअकरा. वद्य पक्षांत पुन्हा प्रतिपदेपासून मोजावें. भरतीनंतर सुमारें सव्वासहा तासांनीं ओहोटी पूर्ण होते. हें गणित स्थूल आहे. स्थळपरत्वें अर्धापाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून गांवच्या कोळ्यांस विचारून खात्री करून घ्यावी.

आतां पहा. चांदण्याच्या लोभानें मंडळी बहुधा पौर्णिमाच निवडतात. सायंकाळीं साडेपांच-सहाच्या सुमारास तीं पोहोंचतात, तेव्हां नेमकी पूर्ण ओहोटी असते. समुद्र दूर गेलेला, पुळण विस्तीर्ण व कोरडी. तंबू पाण्याजवळ ठोकण्याचा मोह होतो. परंतु मध्यरात्रीच्या आधीं, मुलें गाढ झोंपलीं असतां, भरती येते, आणि तीहि उधाणाची! वाळूवर शेवाळाची व काटक्यांची रेघ दिसते, ती मागील भरतीची सीमा. पण शुद्ध अष्टमीनंतर ती बहुधा रोज वर सरकते. म्हणून तंबू तिच्या पुष्कळ मागें, सुरूच्या बनाच्या आडोशास असावा. नारळांनीं लगडलेल्या माडाखालीं मात्र नसावा.

उधाण नसलें म्हणजे भय नाहीं, असेंहि समजूं नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरूडच्या समुद्रांत सहलीस आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हां पावसाळा नव्हता, उधाणहि नव्हतें. पौष वद्य अष्टमी, म्हणजे भांगाचा दिवस होता. यास्तव अंधार पडल्यावर, तसेंच ओहोटी लागल्यावर, कोणीहि पाण्यांत उतरूं नये. आणि दिवसाहि कोळी नको म्हणतील तेथें जाऊं नये.

निघण्यापूर्वीं घरांतील शाळकरी मुलाच्या हातीं पंचांग द्यावें व त्या रात्रीची भरती त्याच्याकडूनच काढवून घ्यावी. पाऊणकीचा पाढा एवढ्या उपयोगीं पडतो, हें त्यास दिसेल. आणि तंबू कोठें ठोकावा, हें थोरांसहि तोच सांगेल.