आरती डोळ्यांनाही कळावी

२०२५ साली राज्य सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. मांडवात मात्र सगळा कारभार आवाजाचा: आरती, घोषणा, ढोल, ध्वनिक्षेपक. २०११च्या जनगणनेत देशात पन्नास लाखांहून अधिक लोकांना श्रवणदोष असल्याची नोंद आहे. ते दर्शन घेतात, प्रसाद घेतात, पण पुढचा कार्यक्रम काय, हे शेजाऱ्याला विचारतात.

आवाजाला खुणांची जोड देता येते. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात त्यासाठी ‘मकॅटन’ ही पद्धत आली. बोलता बोलता हातांनी खुणा करायच्या, जोडीला साधी चित्रचिन्हे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना तिचा उपयोग होतो आणि तिथे नाताळची गाणीही अशा खुणांसह म्हटली जातात. कर्णबधिरांची सांकेतिक भाषा ही वेगळी गोष्ट. तिला स्वतःचे व्याकरण असते. मंडळांनी दोन्हींची सरमिसळ करू नये.

आपल्याकडेही साधने आहेत. भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा कोश ऑनलाइन पाहता येतो. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाने बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी ‘जेलो’ हे चित्रांवर बोट ठेवून बोलायचे अ‍ॅप केले आहे.

मग अडते कुठे? खर्चात तर नाहीच. रोषणाईच्या बिलापुढे सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचे मानधन किरकोळ ठरावे. दाराशी चित्रफलक लावावा: आरती, मोदक, पाणी, स्वच्छतागृह, ‘आवाज सहन होत नाही’. शेवटचे चित्र स्वमग्न मुलांइतकेच आजोबांनाही उपयोगी पडेल! फलक काढण्यापूर्वी परिसरातल्या कर्णबधिरांना आणि विशेष शाळेतल्या शिक्षकांना विचारावे. आणि तेही वर्गणीची पावती फाडण्याआधी.