आहाराची वही

आठवडाभर आपण काय खाल्लें, हें विद्यार्थ्यानें रोज निजण्यापूर्वीं लिहून ठेवावें, असें आमचें मत आहे. भाकरी किती, वरण किती वाट्या, दुकानांतील चटकदार पुड्या किती, सारें लिहावें. मग हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांशीं तें ताडून पाहावें. १०० ग्रॅम ज्वारींत सुमारें १० ग्रॅम प्रथिनें, तुरीच्या डाळींत २१ हून अधिक. आमच्या गोदाकांठच्या विष्णुपुरींतील साधें जेवण कांहीं हलकें नव्हे! मात्र ही वही वर्गांत मोठ्यानें वाचूं नये, तीस गुणहि देऊं नयेत. नाहींतर ज्याच्या घरीं दूध क्वचितच येतें, तो मुलगा लाजेनें रोज पेलाभर दूध लिहील, आणि त्याचे आईबापहि तें खोडणार नाहींत.