रागातला निकाल

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून आलेला बाप मुलाचे प्रगतिपुस्तक पाहतो आणि म्हणतो, "तुझ्या हातून काही व्हायचे नाही!" मुलाला वाटते, आपला निकाल लागला.

मुलांनो, वडिलांची आज्ञा वेगळी आणि वडिलांचा निकाल वेगळा, असे माझे स्पष्ट मत आहे. 'अभ्यासाला बस' ही आज्ञा झाली, ती पाळावी. 'तू कुचकामी आहेस' हा निकाल झाला. तो खरा की खोटा, हे पारखण्याचा अधिकार मुलाला आहे. त्याने पितृभक्तीला बाध येत नाही.

उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडणारा चार्ल्स डार्विन १८०९ साली इंग्लंडात जन्मला. त्याचे वडील नामांकित डॉक्टर. शाळेत त्याचे मन रमेना. शिकार, कुत्री आणि उंदीर यांपलीकडे तुला काही सुचत नाही, तू घराण्याला काळिमा लावशील, अशा अर्थाचे बोल वडिलांनी त्याला एकदा ऐकवले. ते त्याच्या जिव्हारी लागले. वैद्यकाचे शिक्षणही त्याने अर्धवट सोडले. (तेव्हा भूल न देताच शस्त्रक्रिया होत, त्या त्याला पाहवेनात.) पण भुंगेरे जमवण्याचा त्याचा नाद सुटला नाही. एकदा दोन्ही मुठींत दोन भुंगेरे असताना तिसरा दिसला. तेव्हा हातातला एक त्याने चक्क तोंडात टाकला! त्याने असा तिखट रस सोडला, की तो थुंकावा लागला आणि तिसराही निसटला. वडिलांच्या नजरेला हा पोरखेळ; डार्विनच्या पुढील संशोधनाची तयारी मात्र त्यातच झाली.

१८३१ साली 'बीगल' जहाजावरून जगप्रवासाची संधी आली, तेव्हा वडील प्रथम नाहीच म्हणाले. परंतु एखाद्या शहाण्या माणसाने सल्ला दिला तर जाऊ देईन, एवढी वाट त्यांनी मोकळी ठेवली. मामा जोसाया वेजवुड यांनी भाच्याची बाजू मांडली आणि वडिलांनी आपला शब्द फिरवला. तो प्रवास जवळजवळ पाच वर्षे चालला.

असा मामा प्रत्येकाला लाभतोच असे नाही. पण जे काम आपल्याला खरोखर येते, ते कोणी वाखाणले नाही तरी येतच असते. बंद पडलेला पंखा सुरू करणाऱ्या मुलाने किंवा दुकानाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या मुलीने हे विसरू नये.

आणि शब्दांची जागा मार घेऊ लागला, तर गप्प राहू नये. शिक्षकांना सांगावे, अथवा १०९८ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. त्यात घराची बेअब्रू होत नाही.